काट्यावरचे दोन किलो

पर्यटन कंपनीच्या आवारात शिरलं की उजव्या हाताला एक लाकडी चौकट दिसायची. चौकटीला टांगलेला स्प्रिंगचा काटा आणि काट्याशेजारी काटेताई. अकरा वर्षं दोघं तिथं होती, आणि दोघांत जास्त कडक कोण, याचा निकाल हमालांना अजून लावता आला नव्हता.

तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. कंपनी पाहुण्यांना आठ-आठ दिवस उंच डोंगरात पायी फिरवून आणायची. फाटकावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आम्ही डोंगर जपतो, माणूस जपतो, एका पाठीवर वीस किलोच्या वर ओझं देत नाही. ते वीस किलो सांभाळायचं काम काटेताईचं. तंबू, स्टोव्ह, पाहुण्यांच्या पिशव्या, सगळं आधी तिच्या काट्याला लटकायचं. सुई वीसच्या पुढं केसभर सरकली तरी ती पिशवी उघडायला लावायची. एकदा एका बाईंच्या सामानातून केस वाळवायचं यंत्र निघालं. "वर वीज नाही, पण वारा भरपूर आहे," असं म्हणून काटेताईनं ते बाजूला ठेवून दिलं. वजन जमलं की ओझ्याला ती स्वतःच्या खास गाठीची लाल फीत बांधायची. कंपनीच्या माहितीपत्रकावर पहिल्याच पानावर तिचा फोटो होता, आणि चेहरा असा, की आता फोटोवाल्याचंही वजन करते की काय!

हा खडूसपणा उगाच आलेला नव्हता. तिचे बाबा याच वाटेवर हमाली करायचे. तेव्हा काटाही नव्हता आणि फीतही नव्हती. एका उतारावर चाळीस किलोच्या ओझ्यासकट ते जे खाली बसले, ते पुन्हा कधी सरळ उभे राहिलेच नाहीत. आता रस्त्याकडच्या खिडकीशी खाट टाकून पडून असायचे. पाठ पार वाकली होती, जीभ मात्र शाबूत होती. संध्याकाळी ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्यांचा प्रश्न यायचा.

"आज किती?"

"वीस."

"वीसच? हमाल चाललेत की सहलीला निघालेत?"

मग दोघं हसायची. हा त्यांचा रोजचा खेळ होता. 'वीस' म्हणताना तिला वाटायचं, बाबांच्या पाठीचा सूड आपण रोज थोडाथोडा उगवतोय. तिचा धाकटा भाऊ चार वर्षांपासून याच कंपनीचं ओझं वाहत होता, आणि तिला त्याची कधी काळजी वाटली नाही. का वाटावी? त्याचं ओझं ती स्वतःच्या हातानं जोखत होती.

त्या दिवशी सामानाचा ट्रक दोन तास उशिरा आला. मुकादम हमालांच्या मागं लागला होता, "आटपा, आटपा!" कारण हमालांनी पाहुण्यांच्या आधी वाटेला लागायचं असा शिरस्ता होता. रोज सकाळी काटेताई पाच किलोचं लोखंडी माप काट्याला लावून बघायची आणि मगच कामाला हात घालायची. त्या दिवशी ते राहून गेलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बारा ओझी लटकली, बारा फिती बांधून झाल्या, बारा हमाल फाटकाबाहेर पडले. धाकटा जाताना नेहमीसारखा "येतो गं ताई" म्हणाला. आवार मोकळं झाल्यावर तिनं सवयीनं लोखंडी माप काट्याला अडकवलं.

सुई तीनवर थांबली.

तिनं माप काढलं, पुन्हा लावलं. तीनच. ट्रकमधून सामान उतरवताना कुणाचा तरी धक्का लागून काट्याची सुई घसरली होती. म्हणजे तिनं वीस म्हणून फीत बांधलेलं प्रत्येक ओझं बावीस किलोचं होतं. बारा माणसांच्या पाठीवर दोन-दोन किलो जास्त, आणि तेही तिच्या गाठीनं! कुणी म्हणेल, दोन किलोंचं काय घेऊन बसलीस? ज्यानं आठ दिवस चढ चढलाय त्याला विचारा. तिनं काटा चौकटीवरून उतरवला, खांद्यावर टाकला आणि पदर खोचून डोंगराच्या वाटेला लागली. पाहुणे अजून चहाच घेत होते.

पहिल्या वळणापर्यंत तासभराचा चढ होता. वळणापलीकडं काय आहे ते काटेताईनं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी काटा, दुपारी बाबांचं जेवणपाणी, मग परतलेल्या सामानाची मोजदाद, यात वर जायला सवड कुणाला होती? छातीचा भाता झालेला, तरी वाटभर ती मनाशी वाक्यं जुळवत होती. काय तोंडानं सांगायचं? चूक झाली म्हणायचं, माफ करा म्हणायचं, एकेकाच्या ओझ्यातून दोन किलो काढून घ्यायचे आणि ते स्वतःच्या पाठीवर टाकून खाली आणायचे, असं तिनं ठरवलं.

वळणाआड मेंढ्यांसाठी बांधलेला एक जुना दगडी निवारा होता. त्याच्या पत्र्याखाली बाराही हमाल होते. पण कुणी विसावा घेत नव्हतं. दोराचे वेढे सुटत होते, बांधले जात होते. एका ओझ्यावर दुसरं ओझं चढत होतं आणि प्रत्येक जोडओझ्यावर दोन-दोन लाल फिती फडफडत होत्या. सहाजण बांधत होते. उरलेले सहा रिकाम्या पाठीनं ओढ्याकडच्या खालच्या वाटेला लागायच्या तयारीत होते. मधोमध मुकादम उभा होता.

काटेताईला समोरचं दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं. जुळवून आणलेलं वाक्यच तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"थांबा सगळे! काटा चुकला होता. प्रत्येकाच्या ओझ्यात दोन किलो जास्त गेलेत."

कोपऱ्यातून एकजण फस्सकन हसला. त्याचं बघून दुसरा हसला, आणि मग हसू असं पसरलं की माणसं पोट धरून खाली बसली. "दोन किलो!" कुणीतरी डोळे पुसत म्हणालं, "अरे, ताई दोन किलोंसाठी पळत आली!"

ते दुष्टपणानं हसत नव्हते. तेच तिला सहन होईना.

हसला नाही तो एकच. भिंतीशी उकिडवा बसून, कपाळावर ओझ्याचा पट्टा ओढून, उठायच्या बेतात असलेला तिचा धाकटा. त्याच्या पाठीवर दोन फिती होत्या.

"तुझ्या पाठीवर काय आहे?" तिनं विचारलं.

"ताई, तू घरी जा."

"काय आहे विचारते मी."

"माझं आहे, आणि त्याचं आहे," त्यानं खालच्या वाटेवरच्या एकाकडं मान वळवली. "तो वळणकर आहे."

"वळणकर म्हणजे?"

या वेळी कुणी हसलं नाही. मुकादमानंच समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. वळणापर्यंत येणारा तो वळणकर. इथून तो खालच्या वाटेनं परत जातो, त्याचं ओझं वर जाणारा घेतो आणि दीडपट मजुरी मिळवतो. "कुणावर जबरदस्ती नाही हं, ताई. पाळीपाळीनं चालतं. पहिल्यापासून असंच आहे." पहिल्यापासून! या गोष्टीला एक शब्द होता, पाळी होती, वाटणी होती. बाराजणांच्या मजुरीतून उरलेले पैसे कुठं जात होते, ते मुकादमाच्या घरावरच्या नव्या पत्र्यांकडं बघून कुणालाही कळलं असतं. तिला मात्र कळलं नव्हतं. ती काट्याकडं बघत होती.

"लटकव," ती धाकट्याला म्हणाली.

"ताई, पुरे."

"लटकव म्हणते ना!"

तिनं काटा पत्र्याखालच्या वाशाला अडकवला. धाकट्यानं एकदा मुकादमाकडं पाहिलं, मग जोडओझं उचलून आकड्याला लावलं. तबकडीवर पन्नासपर्यंत आकडे होते, पण तिची नजर कधी पंचविसाच्या पुढं गेली नव्हती. सुई तिथून पुढं गेली, तीसच्या पुढं गेली, आणि बेचाळिसावर थरथरत थांबली.

"बेचाळीस," ती म्हणाली. मग सवयीनं, "त्यात दोन मिळव. चव्वेचाळीस."

बाबांचं चाळीस होतं. ती वाशाखालच्या दगडावर बसली आणि तिच्या डोळ्यांदेखत धाकट्यानं ओझं काढलं, पट्टा कपाळावर घेतला, हुंकार देऊन उठला आणि चालू लागला. तिला त्याला अडवायचं होतं. हात धरायचा होता, ओरडायचं होतं. पण ती बसूनच राहिली. पाठोपाठ पाचजण गेले. खालच्या वाटेनं सहाजण गेले. मुकादम जाताना म्हणाला, "काटा दुरुस्त करून घ्या, ताई. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

ती परतली ती थेट तंबूंच्या कोठारात. तिचा नवरा तिथं फाटके तंबू शिवायचा, मोसमात रात्रीही तिथंच मुक्काम करायचा. दाभण कापडात खुपसलेलं तसंच ठेवून त्यानं वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं समजलं. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं, एवढंच तिला कळायचं बाकी होतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "मालकांनाही."

"मग मला कसं कुणी सांगितलं नाही? अकरा वर्षं!"

"तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं. पाहुणे कागदावर विश्वास ठेवत नाहीत गं. तुझ्या तोंडाकडं बघून ठेवतात. तुला माहीत नव्हतं, म्हणून तर तुला काट्यावर ठेवलं."

कुणी खाडकन मुस्कटात मारली असती तर तिला एवढं लागलं नसतं. आपला खरेपणा ही आपली एकमेव मिळकत, असं ती समजत आली होती. ती मिळकत दुसऱ्यांनीच वापरून घेतली होती, ऐन चौकात, तिचा फोटो छापून. तिला रडूसुद्धा आलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि नवऱ्यानं पुढं केलेला पाण्याचा पेला तिच्या हातात तसाच राहिला.

संध्याकाळी ती घरात शिरली. खिडकीशी बाबा वाट बघत होते.

"आज किती?"

तिनं तोंड उघडलं. 'वीस' हा शब्द तिथं नव्हताच.

बाबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग त्यांनी नजर रस्त्याकडं वळवली. "कळलं वाटतं तुला," ते म्हणाले.

काटेताई खाटेजवळ आली. "बाबा, तुम्हालाही?"

"इथं पडून मी दुसरं काय करतो? येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय ऐकतो. वीस किलो वाहून उतरलेल्या माणसाची टाच वाजत नाही. चाळीसवाल्याची वाजते, ओझं उतरवून ठेवलं तरी दोन दिवस वाजत राहते. धाकट्याची टाच वाजायला लागली त्याला दोन वर्षं झाली."

"आणि तुम्ही रोज मला विचारत होता? हसत होता?"

"विचारायचो ते, आज तरी तुला कळलं असेल म्हणून. आणि तरी तू 'वीस' म्हणालीस की मला हायसं वाटायचं." त्यांनी नजर पुन्हा तिच्याकडं वळवली. "या घरात ताठ उभं राहणारं माणूस एकच उरलंय, पोरी. तुला कसं वाकवू मी?"

बाबांवर ओरडावं की त्यांच्या पायाशी बसावं, तिला कळेना. शेवटी तिनं स्वयंपाकाला हात घातला आणि दोघं जेवली.

दुसऱ्या दिवशी नवी तुकडी निघायची होती. नवे बारा हमाल आवारात आले, ओझी रांगेत लागली. चौकट रिकामी होती. काटा काटेताईच्या खांद्यावर होता, त्याची सुई तिनं पहाटे स्वतः पक्कडीनं शून्यावर आणून बसवली होती. हमालांच्या रांगेला ओलांडून ती सरळ पाहुण्यांच्या चहाच्या टेबलाशी गेली. तिथं ते माहितीपत्रक पडलेलं होतं, तिच्याच फोटोवर कुणीतरी कप ठेवला होता.

"आज वजन इथं होणार नाही," ती गाईडला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "वळणापलीकडं होणार आहे. पाहुण्यांनी हमालांबरोबरच निघायचंय. त्यांना सांग, फोटो तिथं चांगले येतात."

मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, कामावरून जाशील," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"जाईन की," ती म्हणाली. "आधी वळणापर्यंत जाऊन येते."

पाहुण्यांना काय, मजा वाटली. कॅमेरे गळ्यात अडकवून सगळे निघाले. वळणाआड, त्याच वाशाला तिनं काटा टांगला आणि पाहुण्यांच्या देखत एकेक ओझं जोखलं, एकेकाला फीत बांधली. कुणी दोर सोडला नाही. खालच्या वाटेकडं कुणी पाहिलंही नाही. एकामागं एक माणसं वरच्या वाटेला लागली आणि ती शेवटचा दिसेनासा होईपर्यंत बोटांवर मोजत राहिली.

उतरल्यावर मालकांचा निरोप आलेलाच होता, उद्या सकाळी येऊन भेटा. काय ते उद्या, असं म्हणून ती घरी गेली.

"आज किती?" बाबांनी विचारलं. या वेळी ते हसत नव्हते.

"बारा."

"बारा किलो?"

"बारा माणसं. बारा निघाली आणि बाराही वर गेली."

बाबांनी डोळे मिटले. त्यांचा वाकडा हात चादरीवरून तिचा हात शोधत आला. मग त्यांनी विचारलं, "आणि धाकटा?"

"तो वर आहे, बाबा. चव्वेचाळीस घेऊन."

रस्त्यावरून पावलं येत होती, जात होती. त्यात धाकट्याची नव्हती, तो यायला अजून सहा दिवस होते, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी खिडकीशी बसून दोघं ऐकत राहिली.