दोन विंडोज आणि आजऱ्याची पत्रिका

संगणक बंद करून परत चालू करणे हा माझा व्यवसाय होता, असं मी सांगते तेव्हा लोकांना गंमत वाटते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीवर पाटी होती ती टायपिंगची, लग्नपत्रिकांची आणि बायोडाटांची. पण दिवसाचा निम्मा वेळ मी काळ्या पडद्यासमोर हातावर हात ठेवून बसलेली असायचे.

कारण साधं होतं. माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालायचं, अठ्ठ्याण्णवच्या. त्याला एक कुलूप होतं, काड्यापेटीएवढं, संगणकाच्या मागच्या खाचेत बसवायचं. ते कुलूप नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही आणि मराठी अक्षरांच्या जागी आकडे आणि फुल्या दिसायच्या. नव्या विंडोजला, म्हणजे एक्सपीला, हे कुलूप ओळखूच यायचं नाही. आणि माझा नवा प्रिंटर जुन्या विंडोजला ओळख देत नव्हता. छापखानेवाले फ्लॉपी बघून तोंड वाकडं करायला लागले होते, त्यांना पेनड्राइव्ह हवा. तोही जुनीत चालायचा नाही. टायपिंग एकीत, छपाई दुसरीत, आणि मध्ये मी.

संगणक दुरुस्तीवाला म्हणाला, "वैनी, दोन्ही बशिवतो की एकाच मशीनवर. नांदतील सवती सवती." हा विनोद तो प्रत्येक खेपेला करायचा. पहिल्या खेपेला त्यानं आधी नवी बसवली आणि मग जुनी. जुनी आली आणि नवी दिसेनाशीच झाली. सगळं पुसून परत केलं. आधी जुनी बसवायची, मग नवी, हे ज्ञान त्याला माझ्या मशीनवर झालं.

त्यानंतर चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन नावं यायची. बाणाच्या कळीनं हवी ती निवडायची. थोडा वेळ थांबून आपण काही केलं नाही, तर आपोआप नवी उघडायची. आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी दारात यायचं. "ताई, झेरॉक्स हाय का?" न्हाय म्हणून मान वळवेपर्यंत नवी उघडलेली. परत बंद, परत चालू. हे उलट करून द्या, आपोआप जुनी उघडू दे, असं मी त्या माणसाला किती वेळा सांगितलं. "पुढच्या टायमाला करतो," म्हणायचा. तो पुढचा टाइम कधी आलाच नाही.

यावर मी एक पद्धत बसवली होती. जुनीत मराठी मजकूर टाइप करायचा, पत्रिका मांडायची आणि मग सगळी अक्षरं कर्व्ह करायची. कर्व्ह करायची म्हणजे अक्षराचं चित्र करायचं. एकदा चित्र झालं की फॉन्ट नसला, कुलूप नसलं तरी ते कुठंही जसंच्या तसं दिसतं. ते दोघींनाही दिसणाऱ्या डी ड्राइव्हवर ठेवायचं, मशीन बंद करून नवीत उघडायचं आणि छापायचं. तोटा एकच, चित्र झालेल्या शब्दात काना-मात्राही बदलता येत नाही. बदलायचा तर परत जुनीत जा. आणि लग्नपत्रिका म्हणजे बदल. कुणाच्या मावसोबांचं नाव राहिलेलं असतं, कुणाच्या आत्याचं सौभाग्यवती राहिलेलं असतं. शुभविवाह या शब्दाचा मला तेव्हा खरोखर संताप यायचा.

अशातच ती बाई आजऱ्याहून एसटीनं आली. काजूच्या कारखान्यात काम करणारी. सोलून सोलून बोटांची टोकं काळी पडलेली. मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि छपाई कोल्हापुरातच करायची असं दिरानं सांगितल्यामुळं ती माझ्याकडे आली होती. मजकूर वहीच्या पानावर स्वच्छ लिहून आणला होता. मुलीच्या वडिलांच्या नावामागे कैलासवासी होतं. खाली निमंत्रक म्हणून पहिलं नाव तिचं स्वतःचं, श्रीमती लावून, आणि त्याखाली दिराचं. मी टाइप केलं, चित्र केलं, बंद केलं, चालू केलं, छापून हातात दिलं. तिनं शब्दावर बोट ठेवून सगळं वाचलं, बरोबर हाय म्हणाली आणि परतीची गाडी धरायला गेली. एकाही दुरुस्तीशिवाय पत्रिका झाली म्हणून मी खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दीर आले. टिंबर मार्केटात दुकान, स्कूटर दारात लावली ती थेट पायरीला टेकवून. त्यांनी प्रूफ वाचलं आणि कागद टेबलावर टाकला.

"हे नाव कुणी घातलं?"

"तुमच्या वहिनींनीच मजकूर दिलाय," मी म्हटलं.

"शुभकार्याचा कागद हाय ह्यो. वर कैलासवासी आन् खाली लगीच श्रीमती, बरं दिसतंय व्हय? काढा ते. आता थोरला मी हाय घरात, निमंत्रक मी."

मी म्हटलं, त्यांना एकदा विचारा. "विचारायचं काय त्यात," ते म्हणाले आणि आणखी तीन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. तालमीतल्या कुणाचं तरी नाव प्रेषक म्हणून घालायचं होतं. मी बंद केलं, चालू केलं, जुनीत गेले, नाव काढलं, बाकीचं घातलं, चित्र केलं आणि त्याच नावानं सेव्ह केलं. म्हणजे आधीचं चित्र पुसलं गेलं. मला ते अजिबात पटलेलं नव्हतं. वहीचं पान तिचं आणि खोडणारा दुसराच. संध्याकाळी मी आजऱ्याला तिच्या शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवला, की पत्रिकेत बदल झालाय, बघून जा.

सकाळी ती दारात. पहिल्या गाडीनं निघाली असणार. मी नवं प्रूफ समोर ठेवलं. तिनं खालपर्यंत वाचलं, मग परत वाचलं.

"ताई, माझं नाव घाला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "पोरीचा बा गेला तवा ती पाळण्यात हुती. काजू फोडून वाढवली मी. आता लगनाला बोलवायचं कुणी, मी का त्येनी?"

मी म्हटलं, घालते. त्याच दुपारी पेनड्राइव्ह छापखान्यात द्यायचा होता, नाहीतर तिथलं मशीन दुसऱ्या कामाला लागणार होतं आणि लग्न तोंडावर आलेलं. मी बंद केलं, चालू केलं, बाणाची कळ दाबून जुनी निवडली. पडद्यावर जुनीचे ढग, झेंडा, सगळं नेहमीसारखं सुरू झालं आणि लाईट गेली. लोडशेडिंगची वेळही नव्हती. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती, तो फक्त टेबलाखाली पाय ठेवायला होता.

लाईट आली तेव्हा जुनी विंडोज उठेना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, कुठलीशी फाईल सापडत नाही म्हणून. परत लावलं, तेच. नवी मात्र टवटवीत उघडत होती, जिचा मला काडीचा उपयोग नव्हता. दुरुस्तीवाल्याला फोन लावला तर मागं घंटा वाजत होत्या.

"वैनी, पौर्णिमा हाय की. वाडीला आलोय समद्यास्नी घिऊन. जुनी परत बशिवायला लागंल. उद्या येतो."

नृसिंहवाडीच्या घाटावर उभा राहून तो मला उद्या सांगत होता. मी फोन आपटला. कीबोर्डवर मूठ मारली, त्यानं काय होणार होतं. रडू यायच्या बेताला आले होते, आणि ती बाई स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. मी तिला सांगितलं, आज मराठी टाइप होणार नाही, उद्या करू.

"उद्या छापून झालं असंल की," ती म्हणाली.

खरंच होतं, दुपारी हाताशी जी असेल तीच पत्रिका छापली जाणार होती. मी नवी विंडोज उघडली आणि दिरांची पत्रिका समोर आणून नुसती बघत बसले. एकेक अक्षर उचलून इकडंतिकडं सरकवत होते, रागारागानं, उगीच. आणि तेव्हा लक्षात आलं, की मी अक्षर सरकवतेय. चित्रं होती ती. टाइप करता येणार नव्हती, पण उचलता येत होती, आणखी एक प्रत काढता येत होती.

"तुमचं नाव लिहायला कुठली अक्षरं लागतात बघू," मी म्हटलं, आणि तिनं स्टूल माझ्याशेजारी ओढलं.

सुरुवातीच्या श्रीकृपेमधून श्री घेतला. म मंगलमधला, वरचा अनुस्वार खोडून. ती कुठं मिळेना, तर तिनं पडद्यावर काळं बोट ठेवलं, "ह्यो बघा, विनंतीत हाय." श्रीमती जुळलं. नवऱ्याचं नाव कैलासवासींच्या ओळीतून अख्खंच उचललं. आडनाव दिरांच्या ओळीतून, तेही अख्खं. राहिलं तिचं स्वतःचं नाव. त्यातली बाकी अक्षरं गावाच्या आणि मुहूर्ताच्या ओळीत मिळाली, पण ब पत्रिकेत कुठंच नव्हता. शेवटी 'व आप्तेष्ट' मधला एकटा व घेतला, त्याच्या पोटात एक तिरकी रेघ मारली, झाला ब.

सगळी अक्षरं वेगवेगळ्या मापाची. कैलासवासींची ओळ बारीक, मंगल ठळक. ताणून, दाबून, डोक्यावरच्या रेघा एकमेकींना जोडून मी ती एका उंचीला आणत होते, आणि एक बसवलं की दुसरं वर जायचं. मान मोडली. मग दिरांचं नाव खाली सरकवलं आणि हे वर ठेवलं. छापून बघितलं तर लक्ष देऊन पाहणाऱ्याला कळत होतं की ही ओळ काहीतरी वेगळी आहे. मला ते खुपलं, माझ्या हातून असं काम जात नसे.

"जरा वरखाली दिसतंय," मी म्हटलं.

"वाचता येतंय," ती म्हणाली. पेनड्राइव्ह घेऊन मी स्वतः छापखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला प्रसाद घेऊन आला आणि त्यानं नवीच्या मागून जुनी बसवली. म्हणजे पहिल्या खेपेची तीच चूक, आणि नवी परत दिसेनाशी. तो खाली बसून हार्ड डिस्क काढत असतानाच दीर पत्रिकांचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले.

"सांगितलं हुतं का न्हाई तुम्हाला? आन् ही अक्षरं कसली वाकडीतिकडी, परत छापून द्या."

माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. "मशीन बंद आहे," मी म्हटलं. "परत छापायला वेळ असेल तर दुसरीकडं बघा. आणि त्या ओळीतलं आडनाव तुमच्याच नावातलं उचललंय, ते तरी सरळ असेल." त्यांनी गठ्ठा काखेत मारला आणि गेले. लग्नाला आठवडाही राहिला नव्हता.

दोन दिवसांनी ती आली. काम नव्हतं काही. पिशवीतून अक्षता आणि एक पत्रिका काढून तिनं माझ्या हातात ठेवली, रीतसर.

"एवढ्यासाठी आजऱ्याहून आलात?" मी विचारलं.

"भावजी म्हणालं, कोल्हापुरातली आमंत्रणं मी देतो. मी म्हटलं, नाव माझं हाय, मीच जातो. समद्यांच्या दारात जाऊन आलो."

गिऱ्हाइकांच्या लग्नांना मी कधी जात नसे, गेले असते तर दुकान चाललंच नसतं. या लग्नाला मात्र एसटीत उभं राहून गेले. मांडवाच्या दारात ती उभी होती, इस्त्रीचं कोरं लुगडं नेसून, आणि येणाऱ्या प्रत्येकाला या म्हणत होती.