बाबांच्या खोलीतली ओल

बाबांच्या खोलीत पहिला डाग दिसला तेव्हा मी ठेकेदाराला फोनवर असं झाडलं, की शेजारची बाई गॅलरीत येऊन उभी राहिली. घर नवं करून पुरता पावसाळाही उलटला नव्हता आणि पलंगामागच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर हिरवट-काळी बुरशी! ठेकेदार म्हणाला, "ताई, नवं बांधकाम आहे, सुकाले वेळ लागते." मी म्हटलं, तू ये इथे आणि या खोलीत झोपून दाखव.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात मी आणि बाबा, दोघंच. सक्करदऱ्याचं आमचं घर मुळात विणकराचं. मातीच्या जाड भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आणि समोरच्या खोलीत जमिनीत खणलेला खड्डा. त्या खड्ड्यात पाय सोडून बाबा बसायचे आणि माग चालवायचे. त्या मागावरच्या लुगड्यांवर मी शिकली, नोकरीला लागली. पुढे लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही, बाबांची नजरही कमी झाली, माग बंद पडला आणि त्याचं लाकूड वाळवीने खाल्लं.

मग बाबांना दम लागायला लागला. कवेलूतून धूळ पडायची, पावसात ठिकठिकाणी गळायचं. म्हणून मी घराचं रिनोव्हेशन काढलं. वर स्लॅब, भिंतींना पुट्टी, खाली चकचकीत टाईल्स, खिडक्यांना सरकत्या काचा, त्याही घट्ट बसणाऱ्या, म्हणजे धुळीचा कण आत यायला नको. मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि त्याच खोलीत बाबांचा नवा पलंग टाकला. हे सगळं त्यांच्यासाठी. म्हातारपणी तरी त्यांना सुखाने श्वास घेता यावा आणि माझ्याजवळ घेता यावा, एवढंच माझं म्हणणं होतं. बाबांनी खड्डा बुजताना पाहिला आणि चहा मागितला.

तर ती बुरशी. ठेकेदार आला, भिंत ठोकून पाहिली. आधी म्हणाला न्हाणीघराचा पाईप, मग म्हणाला गच्ची, शेवटी म्हणाला तुमच्याकडची काळी माती, ती खालून पाणी ओढते. पाईप बदलला. गच्चीवर वॉटरप्रूफिंग केलं. पुट्टी खरवडून पुन्हा लावली. डाग परत आला, आणि येताना भाऊबंद घेऊन आला. पलंगाखाली, पडद्याच्या घडीत, बाबांच्या शालीवर. त्या खोलीत ठेवलेलं खारं-चिवडा काही टिकेना, दुपारपर्यंत सादळून जायचं. दार उघडलं की कोंदट वास अंगावर यायचा. मी कापूर ठेवला, चुन्याची भांडी ठेवली, सारखा पंखा चालवला. अखेर हवेतली ओल ओढून घेणारी मशीन आणली. तिची टाकी रोज भरायची. उन्हाळा लागला, बाहेर नागपूरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, तरी भरायची! माझ्या तर नाकी नऊ आले.

बाबांना मात्र मशीनची गंमत वाटायची. मी टाकी रिकामी करायला नेली की म्हणायचे, "पोट्टी लय पाणी पिऊन राहिली वं. कोण पाजून राहिलं असन हिले?"

आणि हसता हसता खोकायचे. तो खोकला मला आवडत नव्हता. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, घराचं विचारलं, मी फोनमधला भिंतीचा फोटो दाखवला. डॉक्टर स्पष्टच म्हणाले, की आयुष्यभर कापसाचे तंतू गेलेली छाती आहे ही, तिला बुरशी सोसणार नाही. खोली कोरडी करा, नाहीतर ह्यांना तिथून हलवा. बाबांना म्हटलं, माझ्या खोलीत झोपा. ऐकतील तर ना! "मी अठीच," एवढंच.

एक दिवस ऑफिस अर्ध्या दिवसातच सुटलं. मी माझ्या किल्लीने दार उघडून आत आली. बाबांच्या खोलीच्या सगळ्या काचा बंद. खिडकीवर जुनी चादर, पाण्याने निथळणारी. आणि बाबा हातात तांब्या घेऊन बोटांनी टाईल्सवर पाणी शिंपडून राहिले होते. सावकाश, कोपऱ्या-कोपऱ्यात, एक जागा न सोडता.

"हे काय करून राहिले बाबा?"

ते दचकलेसुद्धा नाहीत. "कोरडं पडलं होतं वं," म्हणाले.

माझं डोकं असं सटकलं! मी म्हटलं, अख्खं वर्ष मी त्या ठेकेदाराशी भांडून राहिली, भिंती खरवडून राहिली, आणि तुम्ही रोज दुपारी घरात पाणी घालता? जीव द्यायचा आहे का? काहून असं करता? बाबा पलंगाच्या काठावर बसले. तांब्या खाली ठेवला नाही, मांडीवर धरला.

"हवा कोरडी झाली की धागा तुटते," ते म्हणाले. "जन्मभर दुपारी हेच केलं, माय. पाणी शिंपडाचं, खिडकीले ओलं पोतं बांधाचं, मंग मागावर बसाचं."

"माग कुठे आहे आता?"

"माग नाही, माहीत आहे मले. मी काय येडा झालो? पण दुपारी कोरडं पडलं का माहा जीव घाबरते. काय करू?"

जुन्या घरात हेच पाणी जमीन पिऊन टाकायची आणि उरलंसुरलं कवेलूतून निघून जायचं. संध्याकाळी जमीन खडखडीत. आता टाईल्स पाणी पीत नव्हत्या, काचा हवेला वाट देत नव्हत्या. बिचाऱ्या पाण्याला चढायला एक भिंतच उरली होती.

त्या दिवसापासून बाबांनी तांब्याला हात लावला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी तो, मी न मागता, माझ्याकडे आणून दिला होता. माझ्याशी भांडले असते तर बरं वाटलं असतं. काचा उघड्या राहू लागल्या, मशीनच्या टाकीत थेंब पडेना, पावसाळा आला-गेला तरी भिंतीवर डाग उमटला नाही. खोकलाही उतरला. मी खूश व्हायला हवं होतं. पण बाबा दुपारी पलंगावर नुसते बसून राहायचे, तळहात पाहत. जेवण अर्ध्यावर आलं. गंमत करणं बंद झालं. मी काही विचारलं की "हौ", नाहीतर "नाही".

मग एका सकाळी म्हणाले, "मले उमरेडले नेऊन दे."

उमरेडला माझे काका राहतात, बाबांचे धाकटे भाऊ. त्यांचं घर अजून मातीचंच आहे आणि घरात माग चालतो. मी म्हटलं, काहून? इथे काय कमी आहे? "कमी काही नाही," बाबा म्हणाले, "थोडे दिवस जाऊन येतो." मी एसटीने त्यांना सोडून आली आणि येताना मनाला समजावत आली, की थोडेच दिवस.

दिवाळीच्या आधी मी खोलीला रंग दिला. पलंगावर नवी चादर घातली, भिंतीला हात लावून लावून पाहिला, कोरडी ठणठणीत. मग बाबांना आणायला गेली. दुपारची वेळ होती. काका खड्ड्यात पाय सोडून मागावर, आणि बाबा शेजारी बसून सूत कांड्यांवर भरत होते. सारवलेली जमीन नुकतीच शिंपडलेली, पाण्याचा तांब्या बाबांच्या गुडघ्याशी. दार सताड उघडं. बाबा काकांना काहीतरी म्हणाले आणि दोघंही हसले. मी दारात थांबून ऐकत राहिली, हसण्यामागे खोकला येतो का म्हणून. आला नाही. मला बरं वाटलं आणि रडूही आलं.

"बाबा, खोली पार कोरडी झाली. रंगही दिला. चला आता."

बाबांनी कांडी भरून पूर्ण केली. "चांगलं केलं वं. पाहाले येईन मी एखादवेळ तुह्यं घर."

"माझं काय बाबा? तुमचंच घर आहे ते."

"होतं, माय," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून तर मला सहन होईना. "तवा मले तिथं राहता येत होतं."

काकूने चहा आणला. तो कसा प्यायली मला आठवत नाही. निघताना बाबा दारापर्यंत आले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात ओला होता.

"लवकरची गाडी पकड," ते म्हणाले. "अंधार पडाच्या आत पोच. घरी कोणी नाही तुले दार उघडाले."

मी हौ म्हटलं आणि स्टँडकडे चालू लागली.