परकराच्या नाडीवरच्या गाठी

आईला पक्षाघात झाला, तेव्हा पनवेलमध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी येऊ घातलेला विमानतळ होता. खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात मात्र दुसरा विषयच नव्हता. आईची वाचा गेली होती, उजवा हातही गेला होता. संध्याकाळी घरात प्रार्थना सुरू झाली की ती डाव्या हाताने चादरीची किनार ओढत रडायची. साधं ‘आमेन’सुद्धा तिला म्हणता येत नव्हतं. तिला प्रार्थना करायची आहे आणि करता येत नाही, हे मला बघवत नव्हतं.

म्हणून मी बाजारातून परकराची सुती नाडी आणली आणि तिला पाच गाठी मारल्या. पप्पा, उरणला नोकरीला असलेला भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि शेवटची मी. आईचं बोट एकेका गाठीवर ठेवून मी त्या त्या माणसाचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी ती आपली आपण चाचपू लागली. एका गाठीवर थांबायची, डोळे मिटायची, मग पुढे सरकायची. रडणं थांबलं.

पप्पा भडकले. ते आमच्या प्रोटेस्टंट मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, जुने पंच.

“ही कॅथलिकांची माळ आपल्या घरात कशाला? देवाला काय गाठी चाचपून हाका मारायच्या?”

“तिला बोलता येत नाही, पप्पा. तुम्हाला येतं म्हणून तुमचं ठीक आहे,” मी फाडकन म्हणाले. माझी जीभ तेव्हाही फार चालायची. पप्पा आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

मग नवीनच कटकट सुरू झाली. नाडीच्या टोकाला रोज एक गुंता दिसायचा, थुंकीने ओला. आई लहान मुलासारखी नाडी तोंडात घालते, असं मला वाटलं. मी तो नखांनी सोडवायचे आणि डाफरायचे, “आई, किती गं गुंता करतेस!” ती माझं मनगट घट्ट धरायची. मी हात सोडवून घ्यायचे. दोन आठवडे हेच चाललं.

एके दिवशी पप्पा दारात उभे राहून बघत होते.

“सोडू नकोस,” ते म्हणाले. “गाठ आहे ती. दातांनी मारते.”

“कोणाची?”

“तुझ्या आधी एक मुलगी झाली होती. आठ दिवस जगली.”

चाळिशीला आले तरी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. “मग इतके दिवस गप्प का बसलात?” मी ओरडलेच.

“मेलेल्यांसाठी आपल्यात प्रार्थना करत नाहीत, असं तेव्हा मीच तिला बजावलं होतं. तिने ऐकलं, असं समजून चाललो होतो.”

माझ्या बहिणीची गाठ मी रोज नखांनी उकलत होते. मला इतकी शरम वाटली की त्या संध्याकाळी मी प्रार्थनेला बसलेच नाही, स्वयंपाकघरातच उभी राहिले. तिथून दोघं दिसत होती. पप्पा आईच्या पलंगावर टेकले. त्यांनी नाडी हातात घेतली आणि त्या ओल्या गाठीवर, आईच्या बोटाशेजारी, आपलं बोट ठेवलं. “हे दयाळू पित्या,” म्हणाले आणि थांबले.

“आपण तिचं नाव ठेवलंच नव्हतं गं,” ते आईला म्हणाले.

आईचे ओठ हलू लागले. तेच तेच, पुन्हा पुन्हा. तिने नाव ठेवलेलं होतं. आम्हा दोघांनाही ते कळेना.