बोरन्हाण अर्धवट राहिलं

नाही घातलं मी माझ्या लेकीला बोरन्हाण. म्हणजे पाटावर बसवलं, पण पुढचं होऊ दिलं नाही. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत अजून त्याची चर्चा आहे. असू दे की!

लेक तेव्हा साडेतीन वर्षांची. संक्रांतीच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिला ऑटिझम आहे. सासूबाईंनी ते झटकूनच टाकलं. "ते मुलग्यांना होतं. आपली तर चुरूचुरू बोलते, गाणी म्हणते." आणि बायकांना आमंत्रणं गेलीसुद्धा.

लेकीला काळं परकर-पोलकं घातलं, वर हलव्याचे दागिने. काट्याचा हलवा तो, टोचतो हो! एरवी कपड्याच्या आतलं लेबलही तिला सहन होत नाही. पण ती पाटावर बसली आणि हसली. हात मांडीवर, मान ताठ, पापणी हलेना. "काय गुणाची पोर आहे! आमचा तर बसलाच नव्हता," शेजारच्या काकू म्हणाल्या.

मी मात्र ते लगेच ओळखलं. कारण ते हसू माझं होतं. लग्नात, डोहाळजेवणात, दरवर्षीच्या हळदीकुंकवाला मी असंच हसत आलेय, आणि नंतर बाथरूमची कडी लावून रडत आलेय. लोक म्हणतात, किती शांत स्वभाव! शांत डोंबलाचा. डॉक्टर लेकीबद्दल एकेक विचारत होते, तेव्हा मनातल्या मनात मी स्वतःचीच उत्तरं देत होते.

सासूबाईंनी बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या भरलेलं पातेलं तिच्या डोक्यावर धरलं. मी लेकीला पटकन उचलून घेतलं.

"अगं, पाटावरून अर्धवट उठवू नये! अपशकुन होतो."

"मग मी बसते, आई. ओता माझ्या डोक्यावर. मला सोसायची सवय आहे. तिला ती लावायची नाही मला."

तेवढ्यात लेकीने गळ्यातला हलव्याचा हार ओढून तोडला आणि किंचाळली. चारचौघांत पहिल्यांदाच! खाऊ लुटायला टपलेली पोरं मागे सरली. सासूबाई कळवळून म्हणाल्या, "अगं, गप्प कर तिला. लोक काय म्हणतील!"

मी तिच्या दंडातली वाकी काढली, पोलक्याची बटणं सोडली आणि म्हटलं, "ओरड बाई. अजून मोठ्याने ओरड."