साडूच्या गाडीतला माझा क्रँक

माझ्या साडूची गाडी मी आधी ऐकली आणि मग बघितली. आष्टीच्या बाहेर माळावर, मातीच्या रस्त्यावर मोटारींची शर्यत ठेवली होती. मी पोचलो तेव्हा गर्दीच्या पलीकडून एक आवाज वर वर चढत चालला होता. आता गिअर बदलेल, आता बदलेल असं वाटायचं, आणि तो चढतच राहायचा. शेवटी कानात सुई गेल्यासारखा झाला, तेव्हा कुठं खटकन खाली आला. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणाला, "कावून रडायलीय बे ती गाडी?" त्याच्या सोबतचा म्हणाला, "रडायली न्हाई आबा, गायलीय." गाडी कुणाची ते कळायच्या आधीच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं.

बीडला माझं क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. इंजिनातला पिस्टन वरखाली होतो आणि त्याच्या त्या वरखाली चालीचं गोल फिरणं करतो तो क्रँकशाफ्ट, ठिकठिकाणी कोपर असलेला जाड पोलादी दांडा. साखर कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकांचे झिजलेले क्रँक माझ्याकडे येऊन पडतात. हा दांडा मला जितका कळतो तितकं दुसरं काही कळत नाही. त्यामुळे त्या माळावर ते इंजिन ऐकताना मला जे वाटलं ते बाकीच्यांसारखं कौतुक नव्हतं. एवढं वर पळवलेलं इंजिन आणि ते माझं नाही, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

माझे सासरे तलवाड्याचे बागायतदार. त्यांना दोन मुली. थोरली माझ्या घरात, धाकटी आष्टीला. आष्टीच्या जावयाचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आणि मागं गॅरेज. त्या नवरा-बायकोनं मिळून एक जुनी छोटी गाडी शर्यतीसाठी उभी केली होती. इंजिन बांधायचं त्यानं आणि गाडी चालवायची माझ्या मेव्हणीनं. सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये त्या गाडीचा व्हिडिओ होता. घरी कुणीही आलं की ते आवाज पूर्ण वाढवून तो लावायचे आणि म्हणायचे, "हे आमचे धाकटे पाव्हणे. लई हुशार माणूस." मी समोर जेवत बसलेलो असलो तरीही. मग आठवल्यासारखं माझ्याकडं बघून म्हणायचे, "आन् हे थोरले. ह्यांचंबी बीडात बरं चाललंय."

ते 'बरं' मला गिळवत नसे.

मीही तसलंच इंजिन बांधायला घेतलं. त्याच मॉडेलची जुनी गाडी शोधून आणली. कारण कुणालाच सांगितलं नाही, बायकोनं मात्र ओळखलं. "तुमचा जीव त्या गाडीत न्हाई, माझ्या बहिणीच्या नवऱ्यात हाय," ती म्हणाली.

शर्यतीला टर्बो चालत नव्हता. टर्बो हवा कोंबतो आणि ताकद देतो. तो नसला की इंजिन स्वतः ओढेल तेवढ्याच हवेवर भागवायचं असतं, मग ताकद वाढवायची ती इंजिनाचे फेरे वाढवूनच. पण फेरे दीडपट केले की क्रँकवरचा ताण सव्वादोनपट होतो. लोकांना वाटतं आतल्या स्फोटाच्या दणक्यानं क्रँक तुटतो. एवढ्या वेगात खरा मार असतो तो ओढीचा. वर सुसाट गेलेल्या पिस्टनला दर वेळी थांबवून मागं खेचायचं आणि लगेच पुन्हा वर फेकायचं. त्यात दांडा वाकतो, पिळतो, परत सरळ होतो. कंपनीचा ओतीव क्रँक हे फार काळ सोसत नाही. म्हणून मी घडीव पोलादाचा क्रँक पुण्याहून मागवला. क्रँकचा जो गोल भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्याला जर्नल म्हणतात. तो जर्नल बाजूच्या भिंतीला मिळतो तिथं धारदार कोपरा राहिला की चीर तिथूनच सुरू होते. मी तिथं हातानं तपासत गोलाई ठेवली, जर्नल आरशासारखे केले, वरचा थर कडक करून आणला, तोल साधला. तसं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. प्रेमानं केलं असं म्हणायला आवडलं असतं. पण मशीन चालू केलं की मला साडूचं तोंड दिसायचं आणि हात आपोआप आणखी जपून चालायचा.

पुढच्या शर्यतीला थोडे दिवस उरलेले असताना साडूच माझ्या दारात आला. हातात गोणपाटात गुंडाळलेला त्याचा क्रँक.

"भाऊ, जरा पॉलिश मारून द्या. बेअरिंग नवे टाकायलोय."

"घडीव हाय का हा?"

"मग! बाहेरून मागवलाय. डब्यावर लिवलंय तसं."

मी क्रँक दोरीला टांगला आणि छोट्या हातोड्यानं हलकेच वाजवला. मडकं घेताना बोटानं वाजवून बघतात तसं. चांगला क्रँक घंटेसारखा वाजतो, बराच वेळ. हा वाजला आणि लगेच मिटला. मी परत वाजवला. मग पुसून उजेडात धरला. मधल्या एका जर्नलच्या कोपऱ्यात केसासारखं काहीतरी होतं. असल्यासारखं होतं आणि नसल्यासारखंही.

सांगताना माझा आवाज नको तेवढा शांत होता. "ह्याला चीर गेलीय. घालू नका."

तो वाकून बघायला लागला. त्याला काही दिसलं नाही. मग हसला. "भाऊ, खरं सांगा. क्रँक दुखायलाय का तुमचं पोट?"

त्यानं गोणपाट गुंडाळलं आणि क्रँक घेऊन गेला.

वाईट हे की मलाच खात्री वाटेना. आवाज खरंच बद्द होता, की मला तसा ऐकायचा होता? तो केस चिरेचा होता, की पुसायच्या फडक्याचा? हजारो क्रँक हाताखालून गेलेला माणूस मी, पण त्या एका क्रँकबाबत माझ्या कानांवर माझाच विश्वास राहिला नव्हता. आणि मनात एक जागा अशी होती की तिथं तो क्रँक भर शर्यतीत, सगळ्यांसमोर तुटत होता आणि मला बरं वाटत होतं. मग ध्यानात यायचं की गाडीत साडू नसतो, मेव्हणी असते. त्या वेगात वळणावर क्रँक तुटून इंजिन जागच्या जागी जाम झालं तर चाकं लॉक होतात आणि गाडी उलथते.

त्याच आठवड्यात तलवाड्याला सासऱ्यांच्या घरी सगळे जमलो होतो. शेतातल्या नव्या बोअरला पाणी लागलं म्हणून जेवण होतं. पंगत बसली आणि सासऱ्यांनी शर्यतीचा विषय काढला. यंदा आपली गाडी पहिली येणार म्हणाले. 'आपली' म्हणजे आष्टीची.

मी ताटावरून मान वर केली. "मामा, त्या गाडीचा क्रँक फुटलाय. ती पळवू नका."

साडू भाकरी मोडत राहिला. सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "असं चांगल्या कामाच्या वक्ताला कावून बोलायलाव?" बायकोनं माझ्याकडं बघायचंच टाळलं. सासरे मात्र समजुतीच्या सुरात म्हणाले, "पाव्हणं, तुमचीबी गाडी येईल की फुडं. एवढं काय मनाला लावून घ्यायचं."

मान खाली घालून मी भात कालवत बसलो. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. बोललो ते खरं असेलही, पण माझ्या तोंडून ते कुणालाच खरं वाटणार नव्हतं, आणि त्यांची त्यात काही चूक नव्हती.

हात धुवायला नळाशी गेलो तर मेव्हणी मागून आली. "दाजी, चीर नेमकी कुठंय? बोट ठिवून दाखवता येईल का?"

"येईल. पण माझा भरवसा धरू नको. डोळ्यांनी बघ."

दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवून, क्रँक बाहेर काढून ती बीडला आली. साडूही सोबत होता, तोंड फुगवून. मी क्रँक रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. नंतर बाहेर काढून कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड पाण्यात कालवून फासली. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर रेघ ओढतं. खडू वाळून पांढराफटक झाला. आम्ही तिघं खुर्च्या टाकून बसलो. बाहेर स्टँडकडं जाणाऱ्या रिक्षांचे आवाज येत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. साडूनं माझ्याकडं एकदा बघितलं.

मग मेव्हणी म्हणाली, "ही बघा."

कोपऱ्यातून एक बारीक ओली रेघ निघाली होती. बघता बघता ती जर्नलच्या अर्ध्या घेराला वेढून गेली.

साडू उठला, जवळ गेला, बोट पुढं केलं पण लावलं नाही. "घडीव म्हून दिला होता," एवढंच म्हणाला. मी भिंग लावून दाखवलं. पृष्ठभाग ओतीवाचा होता आणि कोपऱ्याला गोलाई नावालाच. जिंकल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं ते एवढंच की छातीवरचा दगड कुणी उचलला, आणि त्याखाली दुसरा निघाला.

कारण मेव्हणीचं लक्ष आता माझ्या टेबलाकडं होतं. तिथं तेल लावून ठेवलेला माझा क्रँक होता. तसल्याच इंजिनाचा, त्यांच्या गाडीला बसणारा. तिनं मागितला नाही. साडूनंही मागितला नाही. मागितला असता तर मी नाही म्हणालो असतो आणि मोकळा झालो असतो. ती उठून आपला क्रँक गोणपाटात गुंडाळायला लागली आणि म्हणाली, "जाऊ द्या, पुढच्या साली बघू."

"घेऊन जा तो," मी म्हणालो. रागानंच म्हणालो. कुणावर राग होता ते आजही सांगता येत नाही.

इंजिन माझ्याच वर्कशॉपमध्ये बसवलं. बसवताना मी त्याचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उलटं करून बघितलं. हवेच्या वाटा साडूनं अशा कोरल्या होत्या की मी बोट फिरवत राहिलो. त्या कामात कुठंही घाई नव्हती. हे इंजिन एवढं वर का चढतं त्याचं उत्तर तिथं होतं, आणि ते मला जमलं नसतं. ते मी त्याला सांगितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी मी दोरीला टेकून उभा होतो. आवाज चढला. सगळी गर्दी गाडीकडं बघत होती, मी डोळे मिटून फक्त खालचा सूर ऐकत होतो. क्रँकचा असा वेगळा सूर नसतो, पण मला तो ऐकू येत होता. शेवटच्या वळणावर मेव्हणीनं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलाच नाही. तिच्या गटात ती पहिली आली.

साडूला लोकांनी खांद्यावर घेतलं. सासऱ्यांनी त्याला फेटा बांधला. माइकवर त्यानं सासऱ्यांचे, गावाचे, टायरवाल्याचेही आभार मानले. क्रँकचा विषय निघाला नाही. स्टेजवरून खाली उतरल्यावर सासरे माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या गाडीचं काय झालं हो पाव्हणं? आली न्हाई?"

"न्हाई जमलं मामा," मी म्हणालो.

बायकोनं ते ऐकलं. तिचं तोंड लाल झालं आणि ती बापाला काही बोलणार होती. मी मान हलवून नको म्हणालो. कुणी सांगून मिळालेलं कौतुक मला नको होतं. न सांगता मिळणारं हवं होतं, आणि ते मिळणार नव्हतं.

थोड्या वेळानं साडू गर्दीतून वाट काढत आला. "भाऊ, माइकवर तुमचं नाव राहिलंच."

"असू द्या." मला ते असू द्यायचं नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं.

तेवढ्यात हेल्मेट काखेत धरून मेव्हणी आली. तोंडावर धूळ, कपाळावर हेल्मेटचा वळ. नवऱ्याच्या देखत मला म्हणाली, "दाजी, तुमची गाडी तयार झाली की मी चालवते. दुसऱ्या गटात उतरवू."

मी साडूकडं बघितलं. तो हसत होता, पण फेट्याखालचं त्याचं कपाळ आक्रसलं होतं आणि नजर बायकोवरून माझ्यावर, माझ्यावरून बायकोवर जात होती. ती नजर मी ओळखली. कितीतरी दिवस आरशात तीच बघत आलो होतो.

"चालव की," मी म्हणालो.

यंदा तिनं दोन्ही गाड्या चालवल्या. आपापल्या गटात त्याची दुसरी आली, माझी तिसरी. सासरे आता दोन व्हिडिओ दाखवतात. त्याचा आधी लावतात.