दारातून पाहायचं चित्र

अकोल्याहून सिंधूच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेल्या..." एवढंच ती म्हणाली. फोन ठेवून मी पुन्हा मेथीपाशी बसले आणि उरलेली जुडी निवडून टाकली. हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. आता महिना होऊन गेला. रडू ओसरलं आणि मागे उरला तो सरळसरळ अभिमान. अशी बाई माझी मैत्रीण होती, हे चारचौघांत सांगावंसं वाटतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. अमरावतीतलं आमचं चित्रकलेचं कॉलेज म्हणजे सरकीच्या दुकानावरच्या तीन खोल्या, आणि मुली आम्ही दोघीच. सिंधू अकोल्याची, मावशीकडे राहून शिकायची. भिंतीवर टांगायच्या चित्रांत तिला रस नव्हता; तिला गोष्टींची चित्रं काढायची होती, पुस्तकातली. तिचे वडील वकील. त्यांची अट होती, दिवाळीपर्यंत काही छापून आलं तर पुढे शीक, नाहीतर घरी ये, स्थळ पाहून ठेवलंय. नशिबाने एका मासिकाने दिवाळी अंकातल्या कथेसाठी तिच्याकडे चित्र मागितलं, कापूस वेचणाऱ्या बायकांचं. उजवीकडच्या बाईसाठी तिने मला बसवलं. "हालू नको शरू, तुह्यं नाक लय कामाचं आहे," म्हणायची. तिने केसागणिक रेघा ओढल्या, लुगड्याचा धागा न् धागा दाखवला. आमचे सरसुद्धा पाहत राहिले.

अंक आला, पान उघडलं आणि दोघींनी ते खिडकीच्या उजेडात नेलं. मोठं चित्र लहान करून नागपूरला छपाईचा ठसा बनवला होता, आणि त्या लहान होण्यात तिच्या सगळ्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. बायका नाहीत, कापूस नाही, माझं नाक तर नाहीच. नुसता काळा डाग. खाली नाव मात्र स्वच्छ. सर म्हणाले, ठसेवाल्याने बिघडवलं म्हणून सांग घरी, कोण पडताळतंय. मीही तेच म्हटलं. सिंधूने अंक पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला गेलो. वडील बैठकीत पक्षकारांशी बोलत होते. तिने अंक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"हे काय होय?"

"कापूस वेचणाऱ्या बाया. लहान झाल्यावर कसं दिसेल, याचा मी विचारच नाही केला. माही चूक आहे, बाबा. पुढच्या वेळी नाही होणार."

पुढची वेळ आता कुठून येणार होती? त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पक्षकारांकडे वळून म्हणाले, "इतकी वर्षं वकिली करून राहिलो, माही चूक आहे म्हणणारं माणूस आज पाहून राहिलो." आणि तिला म्हणाले, "जाय, शीक. पण हे पान मले पाहिजे." ते पान त्यांनी फ्रेम करून बैठकीत लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, पोरीचं पहिलं छापलेलं चित्र म्हणून.

परत आल्यावर सिंधूने वर्गात एक दोरी बांधली. चित्र चिमट्याने दोरीला लावायचं, मागे मागे जात दार गाठायचं आणि एक डोळा मिटून पाहायचं. उंबऱ्यावरून जी रेघ दिसत नाही, ती पुढच्या कागदावर घ्यायचीच नाही. लग्नानंतरही, जन्मभर, ती असंच करत राहिली. मुलांच्या कितीतरी पुस्तकांत तिची चित्रं आली. कागद स्वस्त, छपाई कशीबशी, पण तिचा बैल बैलच दिसायचा. पुण्याहून तिला चित्रांसाठी बोलावणं यायचं, तेव्हा तिच्यापेक्षा मीच गावभर सांगत सुटायचे.

परवा तिच्या खोलीत गेले. भिंतीवर वडिलांची ती फ्रेम, काळ्या डागाची. समोर दोरी, चिमट्याला तिचं शेवटचं चित्र. सून म्हणाली, "आजारपणात हेच काढत बसल्या होत्या. मले तर त्यातलं काही समजत नाही, मावशी." ती चित्राला नाक लावून उभी होती. मी तिला हाताला धरून उंबऱ्यावर आणलं, एक डोळा मिटायला सांगितलं. मीही मिटला...

कापूस वेचणाऱ्या बायका होत्या. मोजक्या, ठसठशीत रेघा, आणि प्रत्येकीचा चेहरा वेगळा. सून उजवीकडच्या विशीतल्या बाईकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे वळली.

"मावशी, ह्या तुमी ना?"