मेहुण्याच्या निवडणुकीतला ‘ग’

ऐनान्शे हर्गेसाच्या जनावरांच्या बाजारात उंटांची दलाली करतो, पण शहर त्याला ओळखतं ते कवी म्हणून. दोन्ही धंद्यांत त्याच्या मते फरक एवढाच, की उंटाची खोड दलालाला लपवता येते, कवितेची लपवता येत नाही.

गेल्या निवडणुकीत त्याचा मेहुणा गुलेद नगरपरिषदेला उभा राहिला. गुलेद बरीच वर्षं अमेरिकेत होता. येताना त्याने एक पांढरी गाडी आणली आणि एक छापील जाहीरनामाही. जाहीरनामा कुणी वाचला नाही. आमच्याकडे उमेदवाराच्या नावाची कविता फोनाफोनी फिरायला लागली, की मगच तो उभा आहे असं लोक मानतात.

“दाजी, माझ्यावर कविता करा,” गुलेद म्हणाला. “अक्षर ग. माझ्या नावाचं.”

आमच्या कवितेत एकदा अक्षर धरलं की प्रत्येक ओळीत त्याच अक्षराचा शब्द यावा लागतो. उत्तर देणाऱ्यालाही तेच अक्षर बांधील. ज्याने ते मध्येच बदललं तो हरला, आणि उत्तर न देणाराही हरला. म्हणून जाणता कवी पहिली कविता टाकताना असं अक्षर निवडतो, ज्यात विरोधकाला हत्यारं कमी सापडतील.

“ग नको,” ऐनान्शे म्हणाला. “ग मध्ये गाडी येते.”

गाडीला हर्गेसातही गाडीच म्हणतात.

“मग येऊ द्या की! लोकांना दिसू दे गाडी.”

“लोकांना दिसतेच आहे. तीच तर भानगड आहे.”

तेवढ्यात आतून इडील, म्हणजे ऐनान्शेची बायको, बाहेर आली. “उंट विकणाऱ्या परक्यांसाठी घसा फोडता. माझ्या भावाने एक अक्षर मागितलं तर जड होतंय?”

ऐनान्शेने ग धरला. आजवर त्याने कुणाचीही कविता उत्तराविना सोडली नव्हती. बाजारात त्याच्या शब्दाला जी किंमत होती ती याच जोरावर, आणि ती आता मेहुण्याच्या गाडीला बांधली गेली.

कविता चांगली उतरली. पण तिच्यातली मुख्य ओळ ऐकून गुलेद उठून उभा राहिला. ओळ होती, “गुलेद गाभण उंटीण आहे, गावाला दूध पाजेल.”

“दाजी! गाभण?”

“तुझ्या आजोबांना असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी बकरा कापला असता.”

“तिकडचे माझे मित्र ऐकतील हो!”

“ते मत देणार आहेत का?”

कविता दुपारपर्यंत शहरभर झाली. खात नावाचा नशेचा पाला चघळत बसलेल्या म्हाताऱ्यांनी ‘गाभण’वर माना डोलावल्या. पण बाजाराच्या तोंडाशी सहर्लाची चहाची टपरी आहे, आणि समोरचा उमेदवार सहर्लाचा भाचा. लग्नांतून बायकांची गाणी तीच रचते. दुसऱ्याच दिवशी तिच्या आवाजात उत्तर आलं. मराठीत आणताना त्याची धार थोडी बोथट होते, पण ते असं:

“गुलेद आला, गाडी आली, गल्लीभर धूळ झाली;
गारवा काचेच्या आत, गरमी आमच्या वाट्याला आली;
गाऱ्हाणं घेऊन गेले, तर गाडीचा वायपरच ‘नाही’ म्हणाला.”

संध्याकाळपर्यंत गुलेदची गाडी जिथून जाईल तिथे पोरं हाताने वायपर करून दाखवू लागली. गुलेद धापा टाकत ऐनान्शेकडे आला.

“उत्तर द्या! दुसरं अक्षर घ्या. द घ्या, द मध्ये तिला दणका द्या.”

“अक्षर बदललं म्हणजे हरलो.”

“मग ग मध्येच द्या!”

“शोधतोय. चांगले ग तिने उचलले. उरलेत त्यांत गाढव आहे, ते तुला नको असेल.”

खरी अडचण त्याने मेहुण्याला सांगितली नाही. वायपरची ओळ त्याला सोडत नव्हती. उंटाचे दात तपासताना तो ती पुटपुटायचा. एकदा गिऱ्हाइकाने ती चुकीची म्हटली, तेव्हा ऐनान्शेने ती दुरुस्त करून, चालीवर, दोनदा म्हणून दाखवली.

“तुम्ही कुणाच्या बाजूचे?” गिऱ्हाइकाने विचारलं.

“कवितेला बाजू असते. ओळीला नसते.”

मतदानाच्या आधीच्या बाजाराच्या दिवशी लोक उत्तर ऐकायला टपरीपाशी जमले. गुलेद काच खाली करून गाडीत बसला होता.

“भाऊ, चहा घेऊन बोलणार की बोलून?” सहर्लाने विचारलं.

“बोलून. नंतर तू पाजशील की नाही, सांगता येत नाही.”

ऐनान्शे उभा राहिला. एकच ओळ म्हणाला:

“गाडी मेहुण्याची, गळा माझा, गोष्ट मात्र, सहर्ला, तुझी खरी.”

म्हातारे हसत सुटले. उत्तर ग मध्येच होतं, त्यामुळे त्याला हरला म्हणता येईना. आणि जिंकला म्हणायचीही सोय नव्हती. सहर्लाने चहा दिला, उंटिणीच्या दुधाचा, दाट. गाडीची काच वर गेली.

गुलेद पडला. निकालाच्याच सकाळी एका गिऱ्हाइकाने ऐनान्शेचा शब्द धरून उंट न बघताच घेतला.

घरी इडीलने भाताचं ताट त्याच्यासमोर आपटलं. मांस भाताखाली शोधावं लागेल इतकं कमी होतं. ऐनान्शेने ते शोधलं आणि तोंड उघडलं.

“गप गिळा,” इडील म्हणाली.

याला मात्र त्याने आजवर उत्तर दिलेलं नाही.